नरवीर तानाजी आणि डोणागिरीचा कडा

विद्यार्थी मित्रहो, आपल्या अफजलपूरच्या परिसरात उंच डोंगर नाहीत. काळी जमीन, ज्वारी-तुरीची शेते आणि त्यांतून वाहणारी भीमा, असा हा आपला सपाट मुलूख आहे. तरीही सह्याद्री आपणास परका नाही. गाणगापुरास ज्या भीमेत आपण स्नान करतो, तिच्या प्रवाहात सिंहगडावर पडलेल्या पावसाचाही अंश असतो. गडाच्या उत्तरेचे पाणी मुठेस मिळते, दक्षिणेचे नीरेस. आणि दोन्ही वाटांनी ते अखेर भीमेतच येते. त्याच सिंहगडाचा कडा रात्री चढून जाणाऱ्या तानाजी मालुसऱ्यांचे चरित्र आज सांगावयाचे आहे.

तानाजींचे नाव पोलादपूरजवळील उमरठ या गावाशी जोडलेले आहे. तेथे त्यांची समाधी आहे. महाबळेश्वरच्या पायथ्याचा हा भाग म्हणजे दऱ्याखोऱ्यांचा मुलूख. अशा मुलखात वाढलेल्या माणसास डोंगर चढण्याची विद्या कोणी निराळी शिकवावी लागत नाही. कोणता दगड पक्का, कोणता निसटणारा, हे पायच ओळखू लागतात. शिवाजी महाराजांनी मावळ्यांचा हा गुण हेरला आणि त्यावर स्वराज्याची उभारणी केली.

तानाजींच्या स्वभावाची ओळख १६६१ सालच्या एका प्रसंगाने पटते. कोकणात संगमेश्वरी असता शृंगारपूरच्या सुर्व्यांच्या फौजेने रात्री अचानक हल्ला केला. सोबतचे सरदार पिलाजी नीळकंठ घाबरून पळू लागले. तानाजींनी त्यांस धरून आणले, दोराने एका दगडाशी बांधून ठेवले, आणि स्वतः लढून शत्रूस परतविले. हा प्रसंग परमानंद कवींच्या शिवभारतात आला आहे. संकटात मागे पाऊल घ्यावयाचे नाही, हा त्यांचा बाणा नऊ वर्षांनी अधिक मोठ्या कसोटीस लागणार होता.

१६६५ साली पुरंदरच्या तहान्वये महाराजांना तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्यांत कोंढाणा होता. पुढे आग्र्याहून सुटून आल्यावर महाराजांनी काही काळ शांततेत घालविला आणि १६७० मध्ये गेलेले किल्ले परत घेण्यास आरंभ केला. कोंढाण्याची कामगिरी तानाजींकडे आली. घरी पुत्र रायबाचे लग्न निघाले असता ते बाजूस ठेवून ते निघाले, असे पोवाडा सांगतो.

कोंढाणा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. भोवती काळ्या पाषाणाचे तुटलेले कडे. किल्लेदार उदयभान राठोड हा शूर रजपूत होता आणि त्याची शिबंदी मोठी होती. दरवाजांवर कडक पहारा होता. म्हणून तानाजींनी दरवाजाची वाट सोडली आणि पश्चिमेकडील डोणागिरीचा कडा निवडला. तेथून कोणी येईल अशी शंकाच नसल्यामुळे तेथे पहारा ढिला होता. म्हणजे जी वाट सर्वांत अवघड, तीच त्या रात्री सर्वांत सुरक्षित ठरली.

ती रात्र ४ फेब्रुवारी १६७० ची, माघ वद्य नवमीची. चंद्रोदय मध्यरात्रीनंतर, तोवर काळोख. थंडीचे दिवस असल्याने खडक कोरडा होता. सह्याद्रीचा पाषाण थरांवर थर रचल्यासारखा असतो. दोन थरांमध्ये बोटे शिरतील अशा कपारी आणि पाऊल टेकेल अशा अरुंद पट्ट्या सापडतात. पण त्यांवर वाळले गवत आणि सुटी माती असते, आणि तेथेच घात होतो.

गेल्या वर्षी वर्गात हा पाठ चालू असता एका मुलाने घोरपडीविषयी विचारले. यशवंती घोरपडीच्या कमरेस दोर बांधून मावळे वर गेले, हे खरे काय? मी त्यास सांगितले की ही कथा पोवाड्यातील आहे. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तेथे दोन निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले आणि त्यांनी सोडलेल्या शिडीवरून तानाजींसह तीनशे माणसे वर पोहोचली, असा वृत्तान्त आहे. काही किलो वजनाच्या प्राण्याने माणसाचा भार पेलणेही संभवत नाही. हे ऐकून तो मुलगा खिन्न झाला. तानाजींचे काहीतरी आपण काढून घेतले, असे त्यास वाटले असावे.

परंतु मित्रहो, विचार करा. घोरपड वगळली तर मागे काय उरते? माणसाचे हात, माणसाचे पाय आणि खाली काळोखी दरी. आपले शौर्य उणे होत नाही. उलट ते संपूर्णपणे माणसाचे ठरते. त्या दोन मावळ्यांची नावे बखरीने दिलेली नाहीत, पण त्यांच्या बोटांवर साऱ्या मोहिमेचा भार होता.

वर पोहोचताच लढाई जुंपली. तानाजी आणि उदयभान समोरासमोर आले. तानाजींची ढाल तुटली; तेव्हा त्यांनी डावा हातच ढालीसारखा पुढे केला. दोघेही वीर परस्परांच्या घावांनी पडले. नायक पडलेला पाहून मावळ्यांचा धीर सुटू लागला; तेव्हा तानाजींचे बंधू सूर्याजी पुढे झाले. परतीचे दोर त्यांनी कापून टाकले, असे परंपरा सांगते. गड हाती आला. पागेस आग लावून केलेली खूण महाराजांनी राजगडावरून पाहिली. विजयाच्या आनंदापेक्षा जिवलग गेल्याचे दुःख त्यांस मोठे झाले. सिंहगड हे नाव तेव्हापासून पडले असे आपण ऐकतो. वस्तुतः ते १६६३ च्या एका पत्रातही आढळते. तथापि त्या नावास अर्थ दिला तो तानाजींनीच.

एक गोष्ट अनुभवाची सांगतो. विद्यार्थिदशेत कोकणात मित्रांसमवेत मी वाट सोडून एका खडकाळ धारेवर चढलो. चढताना उत्साह होता; परतताना पाऊल कोठे ठेवावे ते दिसेना. खाली पाहिले आणि गुडघे कापू लागले. बराच वेळ खडकास चिकटून राहिलो. मित्रांनी एकेक खाच दाखवीत उतरविले, म्हणून वाचलो. त्या दिवशी कळले की धाडस आणि अविचार दुरून सारखे दिसतात, पण खडकावर गेल्यावर त्यांतील भेद समजतो. तानाजींनी कडा निवडला तो विचारपूर्वक, साधनांसह आणि एका मोठ्या कार्यासाठी.

आपणही कधी सहलीस सिंहगडावर जाल. तेथे जाणत्या माणसावाचून वाट सोडू नका. खडकावर तीन आधार पक्के असल्यावाचून चौथा हात वा पाय उचलू नका, आणि जेथून उतरता येणार नाही तेथे चढू नका. मग कड्यापासून दूर उभे राहून खाली पाहा. अंधारात तेथून वर आलेल्या त्या हातांची आठवण करा. आणि घरी परतल्यावर भीमेच्या काठी गेलात, तर तिच्या पाण्याकडे पूर्वीच्या दृष्टीने पाहणे आपणास जमणार नाही.