सुभेदार रामजींचे ऋण
बाबासाहेबांना आपण रोज वंदन करतो. पण त्यांना घडविणारे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ किती जणांना आठवतात?

मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. इंग्रजी फौजेत ते सुभेदार झाले, लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक राहिले. महारांची सैन्यभरती बंद झाली, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने त्यांनी सरकारकडे दाद मागितली.

ते कबीरपंथी. दारू, मांस वर्ज्य; घरात नित्य भजन. भीमराव हे चौदावे अपत्य. पत्नी भीमाबाई साताऱ्यात वारल्या. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत संसार. पेन्शन तुटपुंजी, तरी भीमाच्या पुस्तकांसाठी ते लेकीचे दागिने गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवीत. पहाटे दोनला उठून त्याला अभ्यासाला बसवीत. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा ग्रंथ बाबासाहेबांनी आईवडिलांनाच अर्पण केला.

१९५६ साली नागपुरात लेकाने बापाचा देव नाकारला. पण बापाच्या कबीराला मात्र गुरू मानले. हिंगण्यातल्या बापांनो, लग्नासाठी कर्ज काढण्याऐवजी लेकरांच्या पुस्तकांसाठी काढा. रामजींना हेच खरे अभिवादन!