जळालेला अजिंठा आणि मेजर गिल

छत्रपती संभाजीनगरातील सोनेरी महालाला त्याचे नाव भिंतींवरील सोनेरी चित्रकामावरून मिळाले. ते काम आज जवळजवळ पुसले गेले आहे. सतराव्या शतकात बुंदेलखंडचा सरदार पहाडसिंग याने उभारलेल्या या वास्तूत पुढे राज्य पुरातत्त्व विभागाने प्रादेशिक वस्तुसंग्रहालय थाटले. मूर्ती चौथऱ्यावर मांडता येते, नाणे काचेच्या पेटीत ठेवता येते. भिंतीवरचे चित्र मात्र उचलून आणता येत नाही. याच अडचणीपायी येथून सुमारे शंभर किलोमीटरवरील अजिंठ्यात रॉबर्ट गिल यांचे निम्मे आयुष्य खर्ची पडले.

गिल यांचा जन्म १८०४ चा. मद्रासच्या फौजेतील हा अधिकारी हाडाचा चित्रकार होता. १८१९ मध्ये अजिंठ्याची लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडल्यानंतर तेथे येणाऱ्यांची वर्दळ वाढली. ओल, धूर, वटवाघळे यांनी चित्रे खराब होत होतीच. काही हौशी मंडळी तर रंगविलेल्या गिलाव्याचे तुकडेच काढून नेत. अखेर ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम गिल यांच्यावर सोपविले.

अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होते. गावातील बारादरीत मुक्काम आणि लेण्यांच्या अंधारात काम, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. पारो या स्थानिक तरुणीशी त्यांचे नाते याच काळात जुळले. १८५६ मध्ये ती निवर्तली; तिची कबर अजिंठा गावात आहे. मराठी मनाने गिल यांना जपले ते बहुतांशी या प्रेमकथेमुळे. त्यात चित्रकार गिल काहीसे झाकोळले, हे मान्य करावे लागेल.

त्यांनी रंगविलेली भव्य तैलचित्रे लंडनला रवाना झाली आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली. दोन दशकांचे श्रम एका आगीत राख झाले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रे तेवढी वाचली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जपण्यासाठी केलेली प्रत जळाली आणि धोक्यात असलेले मूळ चित्र मात्र डोंगरात टिकून राहिले! पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह नव्याने प्रतिकृती केल्या. १८८५ मध्ये लंडनमध्येच त्यांपैकीही अनेक आगीत सापडल्या.

ती दुसरी आग पाहण्यास गिल नव्हते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे. कुंचल्याच्या जोडीने त्यांनी कॅमेराही हाती घेतला होता. त्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनला ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नंतरच्या डागडुजीपूर्वी लेणी कशी दिसत, हे पाहायचे तर आजही अभ्यासकांना त्या छायाचित्रांकडेच वळावे लागते.