देश नसलेल्यांचे पारपत्र

पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातील बऱ्याच देशांत पारपत्राविना हिंडता येत असे. युद्धाने ती मोकळीक संपवली. सीमेसीमेवर कागदपत्रे मागितली जाऊ लागली आणि नेमक्या त्याच काळात लाखो माणसे कागदाविना उरली. रशियातील यादवीत पराभूत झालेले सैनिक, त्यांची कुटुंबे, प्राध्यापक, कलावंत कॉन्स्टँटिनोपलपासून पॅरिसपर्यंत विखुरले होते. डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांतील बहुतेकांचे नागरिकत्वच काढून घेतले. व्हिसा मागायचा तरी कोणत्या कागदावर?

ही गाठ सोडवण्याचे काम राष्ट्रसंघाने त्याच वर्षी फ्रित्यॉफ नान्सेन यांच्याकडे सोपवले होते. नॉर्वेत १० ऑक्टोबर १८६१ रोजी जन्मलेले नान्सेन मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. १८८८ मध्ये त्यांनी ग्रीनलंडचे हिमपठार पार केले. पुढे उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत ते ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोहोचले. परतताना वॉलरसच्या कातड्याने शाकारलेल्या दगडी खोपटात त्यांनी अख्खा हिवाळा काढला. बेघरपण काय असते, हे त्यांना कोणी वेगळे सांगावे लागले नसणार!

जुलै १९२२ मध्ये जिनिव्हातील परिषदेत त्यांच्या योजनेला मान्यता मिळाली. ‘नान्सेन पारपत्र’ म्हणजे साधे ओळखपत्र. त्याने नागरिकत्व मिळत नसे, व्हिसा द्यायचा की नाही हे ज्या त्या देशाच्या मर्जीवर राही आणि आरंभी तर ते देणाऱ्या देशात परतण्याचीही हमी नव्हती. तरीही कोठेतरी अधिकृत नोंद असणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढे पन्नासहून अधिक देशांनी ते मान्य केले. १९२४ पासून आर्मेनियन निर्वासितांनाही ते मिळू लागले. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शागाल यांनी याच कागदावर प्रवास केला. कादंबरीकार नाबोकोव यांना मात्र त्यामुळे पदरी आलेली कारकुनी अवहेलना कायम सलत राहिली.

नान्सेन यांच्या कार्याला दुसरीही बाजू आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील लोकसंख्येच्या अदलाबदलीचा त्यांनी पुरस्कार केला. १९२३ च्या करारात ती सक्तीची ठरली. दहा लाखांहून अधिक माणसे ग्रीसमध्ये येऊन पडली. त्यांच्या घरांसाठी आणि शेतजमिनींसाठी राष्ट्रसंघाच्या मदतीने कर्ज उभारावे लागले. बेवतनांना ओळख देणाऱ्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडायला लावणाऱ्या योजनेला हातभार लावावा, हे आजही खटकते.

१९२२ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी मदतकार्याकडे वळवली. १३ मे १९३० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या निर्वासित कार्यालयाला १९३८ मध्ये तेच पारितोषिक देण्यात आले. त्या वर्षी युरोपातील सीमांवर निर्वासितांच्या नव्या रांगा लागल्या होत्या.