एक खिडकी, दोन प्रोग्रॅम आणि डायक्स्ट्रा

मित्रांनो, सर्वांत जवळचा रस्ता शोधायच्या अल्गोरिदममुळे डायक्स्ट्रा हे नाव आपल्या पाठ आहे. व्हायवाला हमखास विचारतात! पण मला हा माणूस मोठा वाटतो तो दुसऱ्याच कारणासाठी. सर्व्हरवर दोन ऑटोमेशन स्क्रिप्ट एकाच टर्मिनलच्या खिडकीत शिरल्या, की एकीची कमांड अर्धी टाइप होते न होते तोच दुसरी आपली ओळ मध्ये घुसवते आणि भलतंच काहीतरी चालतं. या भांडणावरचा उपाय डायक्स्ट्रा यांनी साठ वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे.

एड्सगर डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. लायडेनला भौतिकशास्त्र शिकत असतानाच १९५२ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून लागले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रॅमर' लिहिला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून नगरपालिकेनं तो खोडायला लावला. आज प्लेसमेंटच्या रांगेत उभं राहणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

त्या काळात एका मशीनवर अनेक कामं चालू लागली आणि भांडणं सुरू झाली. डायक्स्ट्रा यांनी सेमाफोरची कल्पना मांडली. हा शब्द रेल्वेच्या सिग्नलचा. मूर्तिजापूरहून अचलपूर-यवतमाळकडे धावायची ती आपली शकुंतला आठवा. अशा एकेरी रुळाच्या एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडायची असते. तोच नियम त्यांनी प्रोग्रॅमला लावला. १९६५ मधील त्यांच्या छोट्याशा लेखात एक अट मला फार महत्त्वाची वाटते : कोणता प्रोग्रॅम किती वेगानं चालेल, हे गृहीत धरायचं नाही. आपण काय करतो? दोन स्क्रिप्ट भिडल्या की एकीत पाच सेकंदांचा स्लीप टाकून मोकळे होतो. आज जमतं. सर्व्हरवर लोड आला, की पाच सेकंद पुरत नाहीत.

१९६२ पासून ते आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात प्राध्यापक होते. तिथं मोजक्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी 'टीएचई' ही ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. ऑपरेटरचा कीबोर्ड एकच आणि त्याच्याशी बोलायला प्रोग्रॅम अनेक! म्हणजे आपलीच अडचण. त्यांनी मध्ये एक थर ठेवला. वरच्या प्रत्येक प्रोग्रॅमला वाटायचं, की कन्सोल आपल्या एकट्याचाच आहे. प्रत्यक्षात एका वेळी एकच संभाषण चालायचं. लक्षात घ्या, एक ओळ नव्हे, तर पूर्ण संभाषण. कुलूप दर ओळीला लावलं-काढलं तर दोन ओळींच्या मध्ये दुसरा शिरणारच.

कुलूप लावण्यातही धोका आहे. १९६५ मध्येच त्यांनी विद्यार्थ्यांच्या परीक्षेत टेप ड्राइव्हसाठी भांडणाऱ्या संगणकांचा प्रश्न घातला. पुढे तोच पाच तत्त्वज्ञांच्या जेवणाचा प्रश्न म्हणून प्रसिद्ध झाला. आपल्या होस्टेलच्या भाषेत सांगतो. विंगमध्ये इस्त्री एक, एक्स्टेन्शन बोर्ड एक. याने इस्त्री धरली, त्याने बोर्ड धरला. "तू दे ना बे आधी!" दोघंही सोडत नाहीत आणि शर्ट चुरगळलेलेच. यावर एक साधा उपाय म्हणजे सगळ्यांनी वस्तू एकाच क्रमानं उचलायच्या : आधी बोर्ड, मग इस्त्री.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून ते अमेरिकेत ऑस्टिनला शिकवत होते. संगणकावर आयुष्य घालवलेला हा माणूस आपली टिपणं फाउंटन पेननं लिहायचा. अशी तेराशेहून जास्त टिपणं त्यांच्या मागे राहिली. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनेन येथे कर्करोगानं त्यांचं निधन झालं.

माझ्या प्रोजेक्टमध्ये मी त्यांचाच नियम पाळतो. शक्य तिथं प्रत्येक स्क्रिप्टला स्वतःची वेगळी खिडकी. खिडकी एकच असेल तर आधी फ्लॉकनं कुलूप, मग सगळं काम, मग सुटका. स्क्रिप्ट मध्येच मेली तरी लिनक्स ते कुलूप आपोआप सोडतं. ज्युनिअर मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री स्लीपचे सेकंद वाढवत बसण्यापेक्षा हे तीन टप्पे आजच लिहून टाका.