डॉक्टर विक्रम साराभाई आणि थुंब्याचे उपासनामंदिर

सन २०२५ च्या जून महिन्यात शुभांशु शुक्ला हे भारतीय वैमानिक आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले, तेव्हा आमच्या वर्गात मोठा वाद माजला. यान अमेरिकेचे, सोबतीचे तिघे प्रवासी अमेरिका, पोलंड व हंगेरी ह्या देशांचे. एका पक्षाचे म्हणणे असे की, दुसऱ्याच्या यानात बसून जाण्यात आपल्या देशाचा मान तो कोणता? दुसऱ्या पक्षाला ह्या सफरीत अभिमानावाचून दुसरे काहीच दिसत नव्हते. वाद हातघाईवर येण्यापूर्वी घंटा झाली. आम्ही त्या दिवशी निवाडा दिला नाही. कारण ह्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देण्यापेक्षा एका मनुष्याच्या चरित्रात दाखविणे आम्हांस अधिक योग्य वाटले. ते चरित्र आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

विक्रम अंबालाल साराभाई ह्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे एका सधन जैन कुटुंबात झाला. वडील अंबालाल हे नामांकित गिरणीमालक होते. मातोश्री सरलादेवी ह्यांनी आपल्या आठ मुलांसाठी घरच्या आवारातच शाळा चालविली होती. महात्मा गांधी, रवींद्रनाथ ठाकूर ह्यांच्यासारख्या थोरांची त्या घरी जा-ये असे. परंतु ह्या घराण्यातील जी गोष्ट आमच्या विषयाशी अगदी निकट आहे, ती विक्रम ह्यांच्या जन्माच्या आदल्या वर्षी घडली. १९१८ साली अहमदाबादेच्या गिरणी कामगारांनी पगारवाढीसाठी लढा दिला. मालकांच्या बाजूचे पुढारी होते अंबालाल, आणि गांधीजींच्या जोडीने कामगारांच्या बाजूस उभ्या होत्या त्यांच्याच सख्ख्या भगिनी अनसूयाबेन. गांधीजींनी उपवास केला, प्रकरण लवादाकडे गेले, आणि अखेर कामगारांची शेकडा ३५ वाढीची मागणी मान्य झाली. भाऊ आणि बहीण दोघेही आपापल्या मताला चिकटून राहिली; परंतु भांडण गिरणीच्या दाराशीच राहिले, रक्ताच्या नात्यात शिरले नाही. कारखान्यात राबणाऱ्या आमच्या खोपोलीकर पालकांस ह्या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको. दोन पक्ष समोरासमोर उभे असूनही त्यांना बोलण्यास एक जागा उरविता येते, हा धडा विक्रम ह्यांस घरच्या भिंतींनीच पढविला असावा, असे आम्हांस वाटते.

शिक्षणासाठी ते केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजात गेले व १९४० साली तेथील पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले. महायुद्ध सुरू झाल्यामुळे ते स्वदेशी परतले आणि बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांच्या देखरेखीखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. विश्वकिरण म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर अखंड वर्षणारे अतिसूक्ष्म कण. हे कण पृथ्वीच्या चुंबकत्वाने वळविले जातात, म्हणून त्यांचा अभ्यास सर्व ठिकाणी सारखा होत नाही. निरनिराळ्या देशांतील निरीक्षणे एकत्र जुळवावी लागतात. ज्या विद्येस एका राष्ट्राचे आकाश पुरत नाही, तीच विद्या तरुण साराभाईंनी निवडली. युद्ध संपल्यावर ते पुन्हा केंब्रिजला गेले आणि १९४७ साली डॉक्टरेट घेऊन परतले.

त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अहमदाबादेस भौतिक संशोधन प्रयोगशाळा निघाली. प्रारंभी एका कॉलेजातील दोन-चार खोल्यांतच तिचा संसार होता. पुण्याच्या वेधशाळेतून निवृत्त झालेले नामवंत शास्त्रज्ञ के. आर. रामनाथन ह्यांस साराभाईंनी तेथे पहिले संचालक म्हणून आणिले. ह्याच सुमारास त्यांनी वस्त्रोद्योगासाठी आणखी एक संशोधनसंस्था उभारली. बाजारात एकमेकांचे ग्राहक ओढून नेणाऱ्या गिरणीमालकांस त्यांनी पटवून दिले की, सूत का तुटते हा प्रश्न सर्वांचा एकच आहे. तेव्हा त्याचे उत्तर सर्वांनी मिळून एकाच प्रयोगशाळेत शोधावे. स्पर्धा कोठवर ठेवावी आणि सहकार्य कोठे सुरू करावे, ही सीमारेषा ओळखणे हाच त्यांच्या बुद्धीचा विशेष होता. पुढे हीच रेषा त्यांस आकाशात आखावी लागली.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन हा पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मानव ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो हिंदुस्थानात आला, तेव्हा मुंबईकरांनी त्याचे मोठे स्वागत केले. गागारिनच्या उड्डाणानंतर दोन महिनेही लोटले नव्हते, तोच अमेरिकेच्या अध्यक्षांनी दशक संपण्यापूर्वी चंद्रावर मनुष्य उतरविण्याचा संकल्प जाहीर केला. अशी ती शर्यत लागली. शर्यतीमुळे विद्या झपाट्याने वाढली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. ईर्ष्या नसती तर अवघ्या आठ वर्षांत चंद्र गाठला गेला असता, असे वाटत नाही. पण तिची किंमतही मोजावी लागली. २७ जानेवारी १९६७ रोजी ग्रिसम, व्हाइट व चॅफी हे तीन अमेरिकन अंतराळवीर जमिनीवरील चाचणीतच यानाला आग लागून मृत्यू पावले. पुढे तीन महिन्यांच्या आतच रशियाचा कोमारोव परतीच्या वेळी यान आदळून मरण पावला. दोन्ही ठिकाणी घाईचा मोठा दोष होता. आणि काय योग पाहा! ज्या दिवशी ते तिघे जळाले, त्याच दिवशी अंतराळ हे कोणा एका राष्ट्राच्या मालकीचे नव्हे, व तेथे जाणारा प्रवासी सर्व मानवजातीचा प्रतिनिधी समजला जावा, अशा आशयाच्या करारावर वॉशिंग्टन, लंडन व मॉस्को येथे सह्या होत होत्या.

ह्या शर्यतीत नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाने काय करावे? डॉ. होमी भाभा ह्यांच्या पाठिंब्याने १९६२ साली अंतराळ संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. त्यांनी आपले मत स्पष्ट मांडिले. मनुष्यास चंद्रावर वा ग्रहांवर पाठविण्यात धनाढ्य राष्ट्रांशी चढाओढ करण्याची आपली मनीषा नाही. परंतु पुढारलेल्या विद्येचा उपयोग आपल्या लोकांच्या खऱ्या अडचणी दूर करण्यात आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये, असा त्या मताचा सारांश होता. ज्यास शर्यतीत धावावयाचे नाही, त्यास दोन्ही धावणाऱ्यांशी मैत्री करिता येते, हे त्यांनी ओळखिले होते.

सृष्टीने त्यांस एक साधनही दिले होते. पृथ्वीवर एक रेषा अशी आहे की, तीवर टांगलेली चुंबकसूची वर वा खाली न झुकता अगदी आडवी राहते. हीच चुंबकीय विषुववृत्त रेषा होय. तिच्यावर, जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, विजेचा एक प्रबळ प्रवाह दिवसा वाहतो. तेथवर बलून पोहोचत नाही आणि उपग्रहास तितक्या खाली टिकाव धरता येत नाही. तेथे अग्निबाणच पाठविला पाहिजे. ही रेषा केरळात तिरुअनंतपुरमजवळील थुंबा ह्या कोळी वस्तीवरून जाते. जगातील शास्त्रज्ञांस तेथून अग्निबाण सोडावयास हवेच होते. जागेच्या शोधात साराभाईंसोबत कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. एकनाथ चिटणीस होते, हे आम्हां मराठी जनांनी विसरू नये.

परंतु त्या जागी मासेमारी करणाऱ्या ख्रिस्ती लोकांची घरे होती, आणि मध्यभागी संत मरीया मग्दालीया हिच्या नावाचे उपासनामंदिर उभे होते. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा ह्यांस भेटावयास गेले. पुढील हकीकत डॉ. अब्दुल कलाम ह्यांनी लिहून ठेविली आहे. बिशपांनी स्वतःच्या अधिकारात होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही; रविवारच्या उपासनेस येण्यास त्यांस सांगितले. त्या दिवशी त्यांनी सर्व मंडळीपुढे प्रश्न ठेविला. विज्ञान सत्याचा शोध घेते व धर्मही मनुष्याच्या कल्याणाचाच मार्ग दाखवितो. तर मग देवाचे हे घर आपण एका थोर कार्यासाठी द्यावे काय, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मंदिरात क्षणभर शांतता पसरली, आणि मग सर्व मंडळीने एकमुखाने आमेन म्हटले.

वाचकहो, त्या एका शब्दाचे वजन आपण मनात तोलून पाहावे. ज्या वेदीपुढे आपला बाप्तिस्मा झाला, आपल्या आईबापांचे विवाह झाले, ती वेदी सोडणे सोपे नसते. ते लोक विद्वान नव्हते, श्रीमंत तर नव्हतेच. रशिया पुढे की अमेरिका पुढे, ह्याने त्यांच्या जाळ्यात एक मासा अधिक पडणार नव्हता. त्यांस निराळ्या जागी वसविण्यात आले, त्यांच्यासाठी नवे मंदिर बांधिले गेले. तरीही दिले ते दिलेच. अंतराळातील सहकार्याच्या इतिहासात मोठमोठ्या राष्ट्रांची नावे येतात. आमच्या मते त्या यादीत थुंब्याच्या कोळ्यांचे नाव अग्रभागी असावे.

जेथे उपासना होत असे तेथे प्रयोगशाळा आली. बिशपांच्या खोलीत नकाशे काढण्याची कचेरी बसली. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेल्याचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सायंकाळी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. तो नाइकी-अपाची नावाचा बाण अमेरिकेचा होता. त्यातील सोडियमची वाफ सोडणारे उपकरण फ्रान्सचे होते. मावळतीनंतर आकाशात नारिंगी ढग पसरला व दूरवरच्या लोकांनी तो आश्चर्याने पाहिला. रशियाने ह्याच केंद्रास गणकयंत्र व हेलिकॉप्टर दिले. जी दोन राष्ट्रे एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसली होती, त्यांची यंत्रे एका उपासनामंदिराच्या अंगणात शेजारी शेजारी काम करू लागली. त्या बाणाचा नाइकी हा खालचा टप्पा मुळात शत्रूची विमाने पाडण्याच्या क्षेपणास्त्रासाठी तयार झालेला होता. तलवारी ठोकून त्यांचे फाळ करण्याचे यशया संदेष्ट्याचे स्वप्न येथे थोडेसे तरी खरे झाले. ह्या दोन राष्ट्रांनी मदत दिली ती केवळ परोपकारबुद्धीने, असे आम्ही म्हणत नाही. दोघांसही आपला देश मित्र म्हणून हवा होता. साराभाईंचे चातुर्य असे की, त्यांनी दोघांकडूनही विद्या घेतली आणि दोघांपैकी कोणाचेही वैर घेतले नाही.

घेणाऱ्याने नेहमी घेतच राहावे, असेही त्यांचे म्हणणे नव्हते. २० नोव्हेंबर १९६७ रोजी रोहिणी हा आपल्या देशात बनविलेला पहिला लहानसा अग्निबाण थुंब्याहून उडाला. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर इंग्लंडातील काम सोडून साराभाईंच्या बोलावण्यावरून तेथे आले, आणि अग्निबाणाचे घन इंधन तयार करण्याच्या कामी त्यांनी आयुष्य वेचले. २ फेब्रुवारी १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांनी थुंब्याचे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघास अर्पण केले. जे कोळ्यांनी देशास दिले होते, ते देशाने जगास दिले. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे अंतराळाच्या शांततामय उपयोगाविषयी राष्ट्रसंघाची परिषद भरली, तिचे वैज्ञानिक अध्यक्षपद साराभाईंनी भूषविले. १९६६ साली भाभांच्या अपघाती मृत्यूनंतर अणुशक्ती मंडळाचा भारही त्यांच्याच शिरावर आला होता, त्यामुळे मुंबई, अहमदाबाद आणि थुंबा अशी त्यांची अखंड धावपळ चाले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी, म्हणजे चंद्रावर मनुष्याचे पाऊल पडल्यास महिनाही झाला नव्हता तेव्हा, भारतीय अंतराळ संशोधन संघटना स्थापन झाली.

३० डिसेंबर १९७१ रोजी थुंब्यापासून जवळच, कोवळम येथे, त्यांचा एकाएकी अंत झाला. वय अवघे ५२ वर्षांचे होते. पेरणारा गेला, पीक चार वर्षांनी आले. १९७५ च्या एप्रिलात आपला आर्यभट हा उपग्रह रशियाच्या भूमीवरून, रशियाच्या अग्निबाणाने वर गेला. जुलैत अमेरिकेचे अपोलो व रशियाचे सोयूझ ही याने अंतराळात एकमेकांस जोडली गेली, आणि दोन वैरी राष्ट्रांच्या प्रवाशांनी हस्तांदोलन केले. ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाद्वारे आपल्या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शेतीचे, आरोग्याचे व शाळेचे पाठ दाखविले गेले; त्याचा करार साराभाईंच्याच काळात झाला होता. एकाच वर्षात दोन्ही राष्ट्रांच्या हातांनी आपले काम झाले. पुढे १९८४ साली राकेश शर्मा रशियन सोबत्यांसह अंतराळात गेले, आणि २०२५ साली शुक्ला अमेरिकन यानातून गेले. मधल्या काळात रशिया व अमेरिका ह्यांनी इतर राष्ट्रांसह स्थानक उभारिले, आणि नोव्हेंबर २००० पासून तेथे माणसांचा अखंड वास आहे. चढाओढ मात्र संपलेली नाही; चीनने आपले स्थानक वेगळे बांधिले, आणि चंद्राकडे पुन्हा डोळे लागले आहेत.

आता वर्गातील वादाकडे वळू. आपल्या गावी घाटावरून उतरणारे मोठे नळ प्रत्येकाने पाहिले आहेत. लोणावळ्याच्या तलावांतील पाणी त्यांतून खाली येते आणि १९१५ पासून खोपोलीच्या विद्युत्गृहात वीज निर्माण करिते. प्रारंभीची यंत्रे समुद्रापलीकडून आली होती, म्हणून त्या विजेने उजळलेला दिवा परका ठरला काय? पाणी आपले, डोंगर आपला, श्रम आपले; विद्या मात्र जगाची. ती शिकून घेण्यात लाज नाही. शिकून झाल्यावर ती दुसऱ्यास न देण्यात मात्र लाज आहे. स्वतःच्या यानातून मनुष्य पाठविण्याची योजना आपल्या देशाने हाती घेतली, ह्याचा आनंद अवश्य मानावा. पण ती कोणास खाली पाहावयास लावण्यासाठी नसावी.

पवित्र शास्त्रात बाबेलच्या बुरुजाची कथा आहे. आपले नाव व्हावे म्हणून लोकांनी आकाशास भिडणारा बुरूज रचावयास घेतला, आणि अखेर एकाची भाषा दुसऱ्यास कळेनाशी झाली. थुंब्यास ह्याच्या उलट घडले. तेथे मल्याळी कोळी, गुजराती शास्त्रज्ञ, मराठी व तमिळ तरुण, अमेरिकन, फ्रेंच व रशियन तंत्रज्ञ एकत्र आले, आणि त्यांस एकमेकांचे म्हणणे समजले. कारण तेथे कोणीही केवळ आपल्या नावासाठी आला नव्हता. ते जुने उपासनामंदिर आज अंतराळविद्येचे संग्रहालय आहे. चंद्रावरील एका विवरास साराभाईंचे नाव आहे, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात उतरलेल्या आपल्या यानाचे नावही विक्रम हेच होते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढेमागे दक्षिणेस गेल्यास त्याने थुंब्यास अवश्य जावे, आणि मंदिरात शिरण्यापूर्वी, ज्यांनी ते दिले त्या अनाम मंडळीस मनोमन वंदन करावे.