कट्यारींची नोंद ठेवणारा उमराव : विल्ब्रहॅम एगर्टन

1855 च्या सुमारास विल्ब्रहॅम एगर्टन हे विशीतले इंग्रज गृहस्थ हिंदुस्थानात प्रवास करीत होते. इंग्लंडमधील चेशर परगण्यातली टॅटन पार्क ही विस्तीर्ण जहागीर त्यांच्या घराण्याची. ईटन आणि ऑक्सफर्ड येथे शिक्षण झालेले, पोटापाण्याची विवंचना नाही. अशी मंडळी परतताना शाली किंवा हस्तिदंती डबे घेऊन जात. एगर्टन यांनी शस्त्रे घेतली आणि त्यातून आयुष्यभराचा एक संग्रह सुरू झाला.

काळ या छंदाला अनुकूल होता. मात्र ही अनुकूलता आपल्याकडच्या पडझडीतून आलेली होती. पेशवाई 1818 मध्ये बुडाली, 1849 मध्ये पंजाब खालसा झाला, पाठोपाठ नागपूर, झाशी आणि अयोध्या गेली. फौजा मोडल्या की शिलेखाने रिकामे होतात आणि पिढ्यान्‌पिढ्या कमरेला असलेली कट्यार बाजारात येते. तंजावरचे उदाहरण मराठी वाचकाला सलणारे आहे. दुसरे शिवाजीराजे 1855 मध्ये निपुत्रिक वारले आणि भोसल्यांची ती गादी संपली. त्यांच्या शस्त्रागारातील उत्तमोत्तम नग निवडून मद्रासच्या संग्रहालयात ठेवण्यात आले. उरलेल्या ढिगातले पुष्कळसे तोडून मोडीच्या लोखंडाच्या भावाने विकले गेले. नक्षीदार जाळीची मूठ असलेल्या दाक्षिणात्य कट्यारी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या ढिगात काय गेले असेल याची कल्पना येईल.

मायदेशी परतल्यावर एगर्टन यांचे आयुष्य ठरल्या वाटेने गेले. 1857 मध्ये त्यांचा विवाह लेडी मेरी अ‍ॅमहर्स्ट यांच्याशी झाला. ज्यांच्या कारकिर्दीत भरतपूरचा किल्ला पडला, त्या गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्ट यांची ही नात. पुढच्याच वर्षी एगर्टन पार्लमेंटात निवडून गेले आणि 1883 मध्ये वडिलांच्या मागे उमरावपद मिळेपर्यंत तेथे होते. राजकारणात त्यांनी फार मोठी छाप पाडली असे म्हणवत नाही.

छाप पडली ती 1880 च्या ग्रंथाने. ईस्ट इंडिया कंपनीने 1801 मध्ये लंडनला स्थापलेले इंडिया म्युझियम 1879 मध्ये विसर्जित झाले आणि त्यातील वस्तूंची वाटणी झाली. तेथील शस्त्रांची सचित्र, वर्गवार सूची एगर्टन यांनी तयार केली. ‘आईन-इ-अकबरी’त आलेल्या मोगल शस्त्रांच्या यादीचा आणि चित्रांचा त्यांनी आधार घेतला, मग शस्त्रे प्रदेशांनुसार व लोकसमूहांनुसार लावली. आकार पाहून ढीग करणे सोपे होते. हे पाते कोणत्या मुलखात आणि कोणत्या लोकांच्या हाती असे, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. संग्राहक आणि नुसता खरेदीदार यांच्यातला फरक मला येथे दिसतो.

कारण आखूड शस्त्रांच्या बाबतीत मुलूख कळल्याशिवाय आकाराचा अर्थच लागत नाही. कट्यारीची मूठ आडवी असते आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मनगटापर्यंत येतात; त्यामुळे ती भोसकताना बुक्कीचे सारे बळ पात्यात उतरते. काही कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते, ते चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. दक्षिणेत तर युरोपातून आलेल्या तलवारींची पाती कापून कट्यारींना बसवीत. पेशकब्जाची पाठ जाड आणि टोक निमुळते, तेही चिलखतासाठीच. बिचवा नागमोडी वळणाचा, विंचवाच्या नांगीसारखा, मुठीला बोटे अडकवायला कडे. चिलानम दख्खनचा; त्याचे पाते आणि मूठ पुष्कळदा एकाच पोलादात घडवलेली. मूळ मुलखाची नोंद हरवली की हे सगळे दिवाणखान्याच्या भिंतीवर एकाच नावाने टांगले जाते : जुना सुरा. नव्या संग्राहकाने पाते विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून त्याचा ठावठिकाणा विचारून लिहून घ्यावा, असे जाणकार सांगतात ते याचसाठी.

या सूचीला एक अप्रिय पार्श्वभूमीही आहे. 1857 नंतर हिंदुस्थानात निःशस्त्रीकरण झाले आणि 1878 मध्ये लॉर्ड लिटन यांच्या राजवटीत शस्त्रकायदा आला. एतद्देशीयांना परवान्याची सक्ती, गोऱ्यांना सूट. म्हणजे येथे कमरेची कट्यार संशयाची वस्तू ठरत असताना, अवघ्या दोन वर्षांनी लंडनमध्ये तिचे वर्णन आणि क्रमांक छापून निघत होते. एगर्टन त्या राजवटीच्या वर्गातलेच होते. तरीही ज्या शस्त्रांची आपल्याकडे मोड होत होती, त्यांची नावे बऱ्याच अंशी त्यांच्या ग्रंथामुळे टिकली, हेही मान्य करावे लागते. नामकरणात त्यांच्याकडून चुका झाल्या आणि पुढील अभ्यासकांनी त्या दाखवल्या. पण त्या दाखवतानाही त्यांच्याच ग्रंथाची पाने उलटावी लागली.

उत्तरायुष्यात इतर कामे वाढली. अंध व मूकबधिरांच्या शिक्षणासाठी नेमलेल्या राजआयोगाचे ते अध्यक्ष होते. त्याचा अहवाल 1889 मध्ये आला. मँचेस्टरला समुद्राशी जोडणाऱ्या जहाजी कालव्याच्या कंपनीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते आणि नोव्हेंबर 1887 मध्ये खोदकामाची पहिली कुदळ त्यांनीच मारली. शस्त्रांचा विषय मात्र सुटला नव्हता. 1896 मध्ये ग्रंथाची सुधारित आवृत्ती निघाली आणि तीत हिंदुस्थानाबाहेरील पौर्वात्य शस्त्रांनाही जागा मिळाली. पुढच्या वर्षी ते अर्ल झाले. प्रथम पत्नीच्या निधनानंतर 1894 मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला होता. त्या बाई ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांच्या विधवा, आणि हे ड्यूक पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते.

मार्च 1909 मध्ये एगर्टन यांचे निधन झाले. मुलगा नसल्याने अर्लपद त्यांच्याबरोबर संपले आणि धाकटी उमरावकी भावाकडे गेली. त्यांच्या कट्यारी आणि खंजीर मँचेस्टर शहराच्या संग्रहात आले.