मांडी घालून बसता येणारा पाय

पहिल्या वर्षापासून आपण ऐकतो की डिझाइन चांगलं हवं. पण चांगलं म्हणजे कोणासाठी? हा प्रश्न आपल्या सिलॅबसमध्ये कुठंच नाही. मला त्याचं उत्तर सापडलं ते एका डॉक्टरच्या आयुष्यात. ते म्हणजे 'जयपूर फूट'चे डॉ. प्रमोद करण सेठी.

२८ नोव्हेंबर १९२७ रोजी बनारसला त्यांचा जन्म झाला. वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. सेठींनी वैद्यकीय शिक्षण आग्र्याला घेतलं आणि १९५४ साली एडिंबरोहून एफ.आर.सी.एस. होऊन ते परतले. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात जनरल सर्जन म्हणून लागले. पुढे १९५८ मध्ये तिथं अस्थिरोग विभाग सुरू करायचा होता, आणि ते काम सेठींच्या गळ्यात पडलं. म्हणजे ज्या विषयात त्यांचं नाव झालं, तो त्यांनी स्वतः निवडलेलाही नव्हता!

अपघातात पाय गेलेल्या लोकांना त्या काळी विलायती पद्धतीचा पाय मिळायचा. दिसायला एकदम झकास. पण सेठींच्या लक्षात आलं की मोठ्या खटपटीनं पाय मिळवलेले पेशंट काही दिवसांनी पुन्हा कुबड्या घेऊनच दिसतात. त्यांनी कारण शोधलं. तो पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला, खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी. आपला माणूस घरात अनवाणी वावरतो, पंगतीत मांडी घालून जेवतो, सकाळी उकिडवा बसतो, शेतातला चिखल तुडवतो. आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात चांगला धडधाकट माणूससुद्धा रुततो, तिथं घोट्यात न वळणारा पाय काय कामाचा? बरं, बूट घ्यायचा तर त्याचा खर्च वेगळाच.

इथं दुसरा कोणी असता तर पेशंटलाच दोष देऊन मोकळा झाला असता. सेठींनी पेशंटला नाही, पायाला बदलायचं ठरवलं.

पण बनवणार कोण? त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. ते कुष्ठरुग्णांना हस्तकला शिकवायचे. शाळा फारशी झालेली नव्हती, पण हातात कसब पिढीजात. त्यांची एक हकिकत नेहमी सांगितली जाते. सायकल पंक्चर झाली म्हणून ते थांबले, आणि तिथं ट्रकच्या टायरचं रिमोल्डिंग चाललेलं पाहून त्यांच्या डोक्यात रबराचा पाय आला. मग साचा बनला. नुसता रबराचा पाय जड आणि ताठ झाला. तेव्हा आत स्पंज रबराचे ठोकळे आणि लाकूड घातलं, त्यावर टायरमध्ये असतात तसे दोऱ्यांचे थर दिले, बाहेरून कातडीच्या रंगाचं रबर चढवलं आणि सगळं डायमध्ये तापवून व्हल्कनाइज केलं. १९६८ च्या सुमारास हा पाय आकाराला आला. तो घोट्यात सगळ्या बाजूंनी वळायचा, पाण्यात भिजला तरी चालायचा, आणि वर बूट नको!

सर्जनकडे शरीरशास्त्राचं ज्ञान होतं, कारागिराकडे वस्तू घडवायचं. एकट्यानं कोणालाच हे जमलं नसतं. मात्र १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली ती सेठींना. मास्टरजींचं नाव आजही किती जणांना माहीत आहे? आपल्या वर्कशॉपमधल्या मामांकडून जॉब नीट करून घेताना मला हे हमखास आठवतं.

या पायाचं पेटंट घेतलं गेलं नाही. १९७५ मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू झाली. ती हे पाय मोफत बसवू लागली आणि काम झपाट्यानं वाढलं. पुढे अफगाणिस्तानात भूसुरुंगांनी पाय गेलेल्यांपर्यंत हा पाय पोचला, त्यात लहान मुलंही होती. आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत इथले तंत्रज्ञ जाऊन शिबिरं घेऊ लागले.

आपल्या संभाजीनगरातही अशी शिबिरं भरतात. एकदा मी दोन दिवस नावं लिहून घ्यायला आणि मापं घेणाऱ्यांना मदत करायला होतो. तिथं एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आला होता. त्याचा पाय मोडला नव्हता, तोच उंच झाला होता! लहान मुलांचं असंच असतं. हाडं वाढतात, कृत्रिम पाय वाढत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. एकदा पाय देऊन फोटो काढला की काम संपलं, असं इथं होतच नाही. स्वस्त पाय का हवा, हे मला त्या पोराकडं बघून कळलं.

सेठी ६ जानेवारी २००८ रोजी जयपूरला वारले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी जयपूरच्या समितीबरोबर काम करत होते. गुडघ्यावरून पाय गेलेल्यांसाठी त्यांनी प्लॅस्टिकचा सांधा बनवला. किंमत वीस डॉलरच्या आसपास. २००९ साली 'टाइम' साप्ताहिकानं तो वर्षातल्या उत्तम शोधांच्या यादीत घेतला. आणि तो निघाला कशातून? आपल्यासारख्याच एका कोर्सच्या प्रोजेक्टमधून!

आता फायनल इयरचे प्रोजेक्ट ठरायची वेळ आलीच आहे. विषय शोधायला नेटवर बसण्याआधी पुढच्या शिबिराला मेकॅनिकलच्या पाच-सहा जणांनी तरी चला. बरोबर मेजरिंग टेप आणि वही घ्या. माप नंतर घेऊ. आधी समोरच्याला विचारू की बाबा, तुम्ही घरी जेवायला कसे बसता?